नेट गेलं तर एक चप्पल आईपाशी

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या वॉचमन नामदेवकाकांनी गेटवरून आवाज दिला, "नेट गेलं वो!" आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

पाळणाघरातले किस्से म्हणजे खिचडीची शितं. एका जागची पुसून उठावं, तर पाठीमागे दुसरीकडे सांडलेलीच असतात. जेवणाच्या सुट्टीत आमच्या बायका सारख्या म्हणतात, "करुणा, तो चपलेचा सांग ना!" पण चपलेचा एकटाच सांगून भागत नाही, त्याच्या आधीचे चार सांगावे लागतात. तोवर सुट्टी संपते, भोंगा होतो आणि चप्पल राहूनच जाते. म्हणून म्हटलं, एकदाचं सगळं लिहूनच काढावं.

वडनेरच्या पुढे हायवेला लागून आमची कापसाची जिनिंग मिल आहे. कापूस निवडायला आजूबाजूच्या गावांतल्या बायका येतात. त्यांच्या लेकरांसाठी कंपनीनं दोन खोल्यांचं पाळणाघर काढलं. सुलभाताई तिथल्या मुख्य, मी मदतनीस, आणि त्याच लेकरांत माझी साडेतीन वर्षांची आरू.

पाळणाघराच्या दाराला चेहरा ओळखणारं मशीन लावलेलं आहे. कोणत्या लेकराला कोण न्यायला येऊ शकतं, ती सगळी नावं नागपूरच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये. आपण मशीनसमोर तोंड धरायचं, ते डोळ्याचं पातं लवायच्या आत नागपूरला विचारून घेतं आणि बाईच्या आवाजात म्हणतं, "स्वागत आहे." ओळखलं नाही तर म्हणतं, "कृपया पुन्हा प्रयत्न करा." रागावत नाही, पण उघडतही नाही.

मला हे दार फार आवडलं होतं. मी आधीच भित्री बाई. आरू झोपली तरी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी. आणि भ्यायला माझ्याकडे कारणही होतं.

माझी मोठी नणंद, कल्पनाताई, नागपूरला असतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, मूल नाही. गिरडच्या दर्ग्याला जाऊन आल्या, केळझरच्या गणपतीला नवस बोलून झाला. बाई मनानं सोन्याची, आरूवर तिचा जीव. आणि आमच्या सासूबाई उठता-बसता म्हणायच्या, "तुले काय, अजून होतीन. आरूले कल्पनापाशी राहू दे. घरातल्या घरात तर आहे!"

मी मान खाली घालून भाकरी थापायची. घरातल्या घरात म्हणे! नागपूर काय आमच्या माजघरात आहे?

आरूच्या नावापुढे मशीनमध्ये चार चेहरे होते. मी, तिचे बाबा, आजी आणि आत्या. तो चौथा चेहरा माझ्या घशात भाकरीच्या तुकड्यासारखा अडकलेला होता.

* * *

तर त्या सोमवारी हायवेच्या बाजूला नालीसाठी जेसीबी चालला होता. त्यानं माती काढली आणि मातीबरोबर आमची केबलही काढली.

मी दुपटी वाळत घालायला बाहेर आलेली. परत जाऊन तोंड दाखवलं, तर "कृपया पुन्हा प्रयत्न करा." पदर नीट केला, टिकली नीट केली, पुन्हा प्रयत्न केला. नाहीच! तेवढ्यात अंगावर पाजणाऱ्या बायकांची सुट्टी झाली. त्याही आल्या. दारापुढे गर्दी, आणि मशीन एकेकीला नम्रपणे नकार देतंय.

आत सुलभाताई होत्या. दाराला आतून खटका आहे, तो दाबला की उघडतं. पण सुलभाताई खिडकीशी आल्या, गजातून आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मशीन हो म्हणन तवाच दार. तसं लिहून आलं आहे नागपूरहून."

"अवो ताई, माझ्या लग्नात हळद तुम्हीच लावली होती ना!"

"मी ओळखतो तुले करुणा. मशीन नाई ओळखत."

"मग तुम्ही ओळखता ते काय कामाचं?"

सुलभाताईंनी विचार केला. "नियमात नाई बसत ते," म्हणाल्या.

नामदेवकाका तिकडून तंबाखू मळत आले. "काय जमाना आला! मशीन बेशुद्ध पडली अन् बाई शुद्धीवर आहे, तरी बाई मशीनलेच विचारून राह्यली!"

तोवर माझ्या डोळ्यांतून पाणी सुरू. आत एकही लेकरू रडत नव्हतं, बाहेर आम्ही सगळ्या रडत होतो! आरू खिडकीवर चढली, गजातून हात काढून माझा गाल पुसला आणि म्हणाली, "आई, रडू नको. मी आहे ना आत!"

* * *

वर्ध्याहून मशीनवाला सौरभ आला. मुलगा गरीब स्वभावाचा, बुटात चिखल घेऊन आला तरी दाराबाहेर पाय पुसणारा. मी सातवीपर्यंत शिकलेली, पण त्यानं जे सांगितलं ते मला लगेच कळलं.

"ताई, दोनच रस्ते आहेत. नेट गेलं की दार सगळ्यांना बंद, जसं आज झालं. नाहीतर मशीनला तिच्या आठवणीवर चालू द्यायचं. शेवटचं नेट होतं तेव्हा तिला जेवढे चेहरे माहीत होते, तेवढ्यांना ती उघडेल."

"अन् त्याच्यानंतर काही बदललं तर?"

"ते तिला नेट आल्यावरच कळेल."

"म्हणजे माझ्या सासऱ्यासारखं," सुलभाताई म्हणाल्या. "जुने सगळे आठवतात, सकाळी कोण येऊन गेलं ते नाई!"

सगळ्यांनी ठरवलं, आठवणीवर चालू द्या. सौरभनं बटणं दाबली, मशीनला तसं सांगितलं आणि चहा पिऊन गेला.

दुसऱ्याच दिवशी उषा भेटायला आली. उषा माझ्याआधी पाळणाघरात कामाला होती, नोकरी सोडून गेली होती. तिचं नाव काढायचं नागपूरच्या लोकांच्या मनात आलं ते नेमकं त्याच आठवड्यात, म्हणजे नेट गेल्यावर. तिनं सहज तोंड पुढे केलं. "स्वागत आहे!" उषा आत आली, हात धुतले, एक लेकरू मांडीवर घेतलं आणि जुन्यासारखी बसली.

आणि त्याच दिवशी कामाला लागलेली रेखा, जिचं तान्हं बाळ आत भुकेनं कळवळत होतं, ती बाहेर उभी. "कृपया पुन्हा प्रयत्न करा." शेवटी उषानंच उठून आतून खटका दाबला. "ये वो बाई, लाजू नको. आपलंच समज!"

नामदेवकाकांनी कपाळावर हात मारला. "जे नोकरीत नाई थे आत, अन् जे नोकरीत आहे थे बाहेर! बरं झालं, मी गेटवर आहो. मले आत-बाहेर काहीच नाई!"

* * *

मग मोंटूचे आबा. मोंटूची आई कापसावर, बाप ट्रकवर, म्हणून पोराला न्यायला आबाच यायचे. आबांच्या मिशा अशा, की मशीनच्या काचेवर आधी मिशा दिसायच्या, मग आबा.

त्यांचे थोरले भाऊ वारले. दहाव्याला आबांनी डोकं आणि मिशा दोन्ही उतरवल्या. संध्याकाळी मशीनपुढे उभे राहिले, तर मशीन गप्प. मग तेच ते "कृपया पुन्हा प्रयत्न करा."

"आता मिशा कुठून आणू?" आबा म्हणाले.

नवा फोटो काढून मशीनला द्यावा, तर त्यालाही नागपूरचं नेट लागतं. सुलभाताई आता जरा सैल झाल्या होत्या. म्हणाल्या, "मशीन राहू द्या. पोरालेच विचारू." मोंटूला दाराशी आणलं. मोंटूनं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्या लुगड्यात तोंड लपवलं.

"हा माझा आबा नाई!"

आबांचं तोंड एवढंसं झालं. ते वळले. जाता जाता सवयीनं त्यांनी जीभ टाळूला लावून तो आवाज काढला, बैलांना चल म्हणायचा. मोंटूला खांद्यावर बसवलं की रोज काढायचे तो.

मोंटू माझ्या हातातून सुटला तो थेट त्यांच्या पायाला जाऊन लोंबकळला! "आबा, तुह्या मिशा कोणं नेल्या?"

आबा हसले की रडले, ते मिशा नसल्यामुळे पहिल्यांदाच सगळ्यांना दिसलं. सुलभाताई डोळे पुसत म्हणाल्या, "आता हा आवाज नागपूरले कसा पाठवाचा?"

* * *

सगळ्या हसल्या, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. मोंटू धावत गेला ते बरंच झालं. पण आत्या आली तर आरूही अशीच धावत जाईल. ओळखीचं माणूस असणं वेगळं आणि लेकरू नेऊ देणं वेगळं. हे मशीनला कळत नाही, लेकराला कळत नाही, आमच्या घरात कोणाला कळत नव्हतं.

त्यातच कल्पनाताईंचा फोन आला. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आठ दिवस म्हणून ने. मंग तिकडंच शाळेत नाव टाकू." मी चुलीपुढे होते. त्यांना वाटलं, मला ऐकू आलं नाही.

रात्री आरूच्या बाबांना विचारलं. ते पांघरूण ओढत म्हणाले, "ताईले नाई कसं म्हणू करुणा? तिनं मले लहानाचं मोठं केलं."

सकाळी मी सुलभाताईंना म्हटलं, "आरूच्या आत्याचं नाव काढा."

त्यांनी काऊन, कशासाठी, काही विचारलं नाही. लगेच मोबाइलवरून नागपूरला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "काढलं."

माझा जीव खाली पडला. आणि मग दाराकडे पाहिलं तर तो पुन्हा वर आला. नागपूरच्या कॉम्प्युटरनं ऐकलं होतं, दारानं कुठं ऐकलं होतं? दार तर आठवणीवर चाललेलं. केबल जोडायची कोणी, तर केबलवाला नालीच्या कंत्राटदाराकडे बोट दाखवायचा, कंत्राटदार केबलवाल्याकडे.

सौरभ आला तेव्हा त्याला म्हटलं, "दादा, इथूनच हातानं काढ ना एक नाव."

"काढता येतं ताई. पण नागपूरची परवानगी लागते."

"मग माग परवानगी."

"ती नेटवरून येते!"

आता काय करावं? माणसाच्या तोंडावर नाही म्हणायला माझ्यात जोर नव्हता. मोठी नणंद, तिच्या पाया पडायचं, तिला अडवायचं कसं? मी दारापाशी तशीच उभी राहिले. समोर लेकरांच्या चपलांची फळी. काय मनात आलं देव जाणे, आरूची डाव्या पायाची चप्पल उचलली आणि माझ्या पिशवीत टाकली.

"हे काय करून राह्यली?" सुलभाताई.

"एका चपलेवर कोणी लेकरू नेत नाही. नेणारं माणूस विचारतंच ना, दुसरी कुठं आहे? मग मला हाक मारावी लागेल."

सुलभाताई आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. संध्याकाळी त्यांनी सगळ्या आयांना उभं करून सांगितलं, "उद्यापासून लेकरू सोडताना एक चप्पल आईनं संगं न्याची. संध्याकाळी जो चप्पल आणन, त्यालेच लेकरू भेटन. आबाले पाठवाचं तर आबाजवळ चप्पल द्या. मशीननं दार उघडलं तरी लेकरू चपलेशिवाय जाणार नाई!"

"अन् मशीननं नाई उघडलं तर?" रेखानं विचारलं.

"तर चप्पल दाखव, मी उघडतो."

नियमाची बाई! पण आता नियम तिचा होता.

* * *

सौरभनं फळीवर एकेकच चप्पल पाहिली आणि विचारलं, हे काय? आम्ही सांगितलं. त्यानं एक चप्पल उलटसुलट करून पाहिली. म्हणाला, "ताई, आमच्यात याला टोकन म्हणतात."

"आमच्यात चप्पल म्हणतात," सुलभाताई म्हणाल्या.

* * *

कापूस निवडायच्या सरकत्या पट्ट्यावर बायका आता कमरेला एकेक चिमुकली चप्पल खोचून बसायला लागल्या. सुपरवायझर साहेबांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. कापसात साधी चिंधी, सुतळीचा धागा निघाला तरी तिथे बोंब होते. आणि एक दिवस सरकत्या कापसातून गुलाबी फुलाची चप्पल निघाली!

पट्टा बंद. मशीन बंद. साहेब ती चप्पल दोन बोटांत धरून लायनीतून फिरायला लागले. "ही कोणाची? आज चप्पल आली, उद्या खाट येईल! कापसाच्या गाठीत गेली असती तर मालकांनी मला गाठीत बांधून पाठवलं असतं!"

सगळ्या बायकांचे हात आपापल्या कमरेला. मधेच त्यांच्यातली नंदा किंचाळून उठली आणि साहेबांच्या हातावर झडपच घातली.

"साहेब, हळू धरा! थे चप्पल नाई वो, थे माह्यं पोरगं आहे!"

साहेबांनी चप्पल अशी सोडली जणू ती रडायलाच लागली.

* * *

आता तो, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं.

दुपारची वेळ. मी मागच्या खोलीत खिचडी ढवळत होते. पुढच्या खोलीतून मशीनचा आवाज आला, "स्वागत आहे." न्यायची वेळ नव्हती. मी पळी हातात घेऊनच पुढे आले.

पोपटी साडीत कल्पनाताई उभ्या होत्या.

"आत्या!" आरूनं उडीच मारली. ताईंनी तिला उचलून घेतलं, मुके घेतले, आणि पिशवीतून लाल चपलांचा नवा जोड काढला. चालताना पींपीं वाजणारा. आरूच्या पायात घातला. आरू चालली, पीं पीं पीं पीं, आणि तिच्यामागे सगळी लेकरं.

माझी पिशवी खुंटीवर होती. तिच्यात आरूची जुनी डावी चप्पल. तिचा आता काय उपयोग? ताईंनी दोन्ही पायांच्या आणल्या होत्या.

मी वाकून पाया पडले. पळी हातातच.

"करुणा, गाडी बाहेर उभी आहे," ताई म्हणाल्या. "आईनं सांगितलं असन तुले. आठ दिवस नेतो आरूले."

मी सुलभाताईंकडे पाहिलं. सुलभाताई म्हणाल्या, "ताई, आमच्या इथं जरा नियम आहे."

"मशीननं तर उघडलं ना?"

"उघडलं खरं," सुलभाताई म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

ताईंनी आरूला हाक मारली. "चल पिल्लू, गाडीत बसाचं ना?"

"हो!" आरू पींपीं करत आली, दारापाशी फतकल मारून बसली, डाव्या पायाची लाल चप्पल काढली आणि माझ्यापुढे धरली.

"धर आई."

"अवो, घाल ना बाई," ताई हसल्या. "आपल्याले जाचं आहे."

"एक आईपाशी राह्यते आत्या," आरूनं त्यांना समजावून सांगितलं. "मग संध्याकाळी आई आणते अन् मले घरी नेते."

"आज मी नेतो ना तुले."

"मग तू आईले माग."

पींपीं थांबलेलं. माझ्या एका हातात पळी, दुसऱ्या हातात ती लाल चप्पल. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात पुढे आला, अर्ध्यापर्यंत. मी चप्पल मागे घेतली नाही आणि पुढेही केली नाही. मला तेवढंच जमलं.

तो हात मग वर गेला आणि त्यांनी पदर सावरला.

"खिचडी लागन करुणा," त्या म्हणाल्या. "वास येऊन राह्यला."

नंतर त्यांनी चपला काढल्या, हात धुतले, आणि सगळ्या लेकरांना आपल्या हातानं वाढलं. रेखाच्या बाळाला मांडीवर निजवलं. आरू त्यांच्या पाठीला टेकून झोपली. गाडीवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला, ताईंनी ऐकलं नाही.

भोंगा झाल्यावर त्या उठल्या. मी म्हटलं, "ताई, घरी चला ना. आई वाट बघत असतील." त्या नुसत्या हसल्या. आरूच्या उजव्या पायातली लाल चप्पल हळूच काढली, तिची धूळ पदरानं पुसली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली. त्यांना निघायला आतून खटका मीच दाबला.

केबल पुढच्याच दिवशी जोडली. तुमच्यापैकी कोणी नागपूरकडे जाणारं असेल, तर आमच्या कल्पनाताईंना एवढं सांगजा: दाराला आता नेट आलं आहे, मशीन तुम्हाला ओळखणार नाही, तेव्हा खिडकीशी येऊन मला हाक मारा. आणि लवकर या, आरूचा पाय वाढून राह्यला. येताना ती चप्पल घेऊन या. दुसरी माझ्यापाशी आहे.